टाकीची सायकल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे विषय वाटून घ्यायची बैठक आपल्या मंदिराच्या ओट्यावर झाली. सोसायटीची नोंदणी, प्लॉटवाटप, बोअर, रस्त्यावरचे लाइट हा सगळा इतिहास जाणत्या मंडळींनी आपसात वाटून घेतला. गणपती-नवरात्राचा भाग महिला मंडळाकडे गेला. माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही. तेव्हा एक तरुण सभासद म्हणाला, "काका, तुम्ही बोअरच्या खोलीमागं पडलेल्या सायकलींचा इतिहास लिहा!" सगळे हसले, मीही हसलो.

पण पुढचाच विषय निघाला तो परिसर स्वच्छतेचा. कार्यक्रमाला पाहुणे येणार, म्हणून खोलीमागचं भंगार काढून टाकायचं, असं ठरत आलं. तिथं सात सायकली आहेत. त्यातली एक बुटकी, जाड टायरची, लाल रंग उडालेली सायकल आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. सोसायटीतली जुनी पोरं तिला "टाकीची सायकल" म्हणायची. ती आमची. चेष्टेत दिलेला विषय मी म्हणूनच मनावर घेतला.

आजच्या मुलांना टाकीची सायकल म्हणजे काय, हे सांगायला लागेल. पेट्रोलची टाकी असते तशी प्लॅस्टिकची पोकळ टाकी सीट आणि हँडलच्या मधल्या नळीवर बसवलेली. लांब गादीसारखी सीट, तिच्यामागं वाकवलेली चकचकीत नळी. उंच हँडल. पुढच्या चिमट्याला शॉकअपसारख्या दिसणाऱ्या स्प्रिंगा, ज्या काही दबत नसत. पुढं एक कोरी नंबरप्लेट. थोडक्यात, इंजिन सोडून फटफटीचं सगळं काही. फटफटी हा शब्दही बघा कसा आवाजावरून आलाय! आमच्या लहानपणी मोटारसायकल म्हणणारी माणसं कमी. दूधवाल्याची राजदूत असो नाहीतर फौजदाराची बुलेट, सगळ्या फटफट्याच.

आता यातली गंमत अशी, की फटफटी ही मुळात सायकलीचीच लेक. पहिल्या फटफट्या म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. बीएसए हे नाव आपल्या वडीलधाऱ्यांना सायकलीवरून माहीत. ही मूळची इंग्लंडातली बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनी, १८६१ साली बंदुका करायला निघालेली. म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका असत. पुढं ती सायकलींत आली आणि १९१० पासून फटफट्यांत. 'शोले' मधली जय-वीरूची साइडकारवाली गाडी बीएसएचीच. बुलेटवाली रॉयल एनफिल्डही आधी सायकलवाली. तिकडं जपानात दुसरं महायुद्ध संपल्यावर सोइचिरो होंडांनी लष्कराची उरलेली छोटी इंजिनं घेऊन १९४६ मध्ये सायकलींना जोडली. त्यातून होंडा कंपनी उभी राहिली.

आपल्याकडंही तेच झालं. स्वातंत्र्याच्या आगेमागे इंग्लंडच्या सायकली येणं कमी होत गेलं आणि देशी कारखाने निघाले. मद्रासला १९४९ मध्ये टीआय सायकल्स, सोनीपतला १९५१ मध्ये अॅटलास, लुधियानाला १९५६ मध्ये मुंजाल बंधूंची हिरो. याच हिरोनं १९८४ मध्ये होंडाशी हात मिळवला आणि पुढच्या वर्षी सीडी १०० बाजारात आणली. १९८६ मध्ये जगात सगळ्यात जास्त सायकली करणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नाव लागलं तेही हिरोचंच. म्हणजे सायकलवाले फटफटीवाले होत होते, त्याच काळात पोरांच्या सायकलींना खोट्या टाक्या लागत होत्या. मायनं लेकीचा झगा घालावा, तसला प्रकार!

ही फॅशन परदेशातही होती. अमेरिकेत श्विन कंपनीनं १९६३ मध्ये उंच हँडलची, लांब सीटची 'स्टिंग-रे' काढली. कॅलिफोर्नियातली पोरं तसल्या सायकली मातीच्या उंचवट्यांवरून उडवत मोटारसायकलच्या शर्यतींची नक्कल करायची. त्यातूनच बीएमएक्स सायकल आली. इंग्लंडात रॅले कंपनीची 'चॉपर' १९७० पासून पोरांच्या गळ्यातला ताईत झाली. आपल्याकडं १९७३ मध्ये 'बॉबी' आला. त्यातली ऋषी कपूरची छोटी राजदूत तर खरी असून खेळण्यासारखी दिसायची! खरी गाडी खेळण्यासारखी आणि खेळणं खऱ्या गाडीसारखं, असं दोन्हीकडून चाललं होतं.

बीडमध्ये मात्र आमच्या वयाच्या पोरांची फटफटी फुकटात तयार व्हायची. पत्त्यांच्या जुन्या कॅटातली पंजी नाहीतर छक्की घ्यायची, कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं मागच्या मडगार्डच्या काडीला अडकवायची आणि तिचं टोक आऱ्यांत सोडायचं. चाक फिरलं की फट् फट् फट् फट्! जोरात पायडल मारलं की जोरात आवाज. पत्ता दोन दिवसांत चुरगळायचा, मग वहीच्या पुठ्ठ्यावर भागवायचं. काही पोरं फुगा बांधायची. त्याचा आवाज झकास, पण आयुष्य गल्लीच्या टोकापर्यंत.

सायकल तरी कुठली? वडिलांची, नाहीतर भाड्याची. आठ आण्यात एक तास. दुकानदार वहीत वेळ लिहायचा आणि आम्ही रस्त्यात भेटेल त्याला "किती वाजले?" विचारत फिरायचो. वडिलांच्या चोवीस इंचीवर सीटवर बसलं तर पाय पुरायचे नाहीत, म्हणून मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल. गुडघे फुटले नाहीत असा एक पोरगा गल्लीत दाखवावा.

माझे वडील, बप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळा बार्शी रस्त्याच्या बाजूच्या एका गावात. रोज जुन्या अॅटलासवर जाऊन-येऊन. आम्ही नदीच्या अंगाला भाड्याच्या घरात राहायचो. १९८७ मध्ये मी पाचवीत होतो. गावात एका व्यापाऱ्याच्या पोराकडं टाकीची सायकल आली आणि मी जेवण सोडलं. दोन दिवस माय बोलली, तिसऱ्या दिवशी बप्पा मला घेऊन सायकलच्या दुकानात गेले.

दुकान एका चाचांचं. त्या वेळी सायकली सुट्या भागांत यायच्या. बीडला तेव्हा रेल्वे नव्हती, ती तर आत्ता सप्टेंबर २०२५ मध्ये आली. म्हणून नळ्या, चाकं, चैन, मडगार्ड असं सगळं पोत्यात-खोक्यात ट्रकनं यायचं आणि दुकानदार ते बसवून, कसून, आऊट काढून द्यायचा. चाचांनी ती सायकल आमच्यासमोर तास-दीड तास बसून कसली. मी टाकीवरून नजर हलवत नव्हतो. बप्पा पैसे मोजताना दोनदा थांबले, हे माझ्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ लावायचं वय नव्हतं. पगारातला मोठा हिस्सा होता तो. अॅटलासचे टायर त्या पावसाळ्याआधी बदलायचे होते, ते राहिले.

चाचा बप्पांना म्हणाले, "गुरुजी, टाकी-बिकी सब शो है. दो साल में निकल जायेगी. लेकिन लोखंड पक्का है. पोरगं वापरंल, पोराचं पोरगं बी वापरंल."

मला ते आवडलं नाही. मला तर शोच पाहिजे होता.

चाचांचं बोलणं मात्र तंतोतंत खरं ठरलं. स्टिकर पहिल्या पावसाळ्यात निघालं. नंबरप्लेट एका बैलगाडीला घासून गेली. पुढच्या उन्हाळ्यात टाकीला तडा गेला. मी ती तारेनं बांधली आणि आतल्या पोकळीत गोट्या ठेवायला लागलो. सायकल इतकी जड की चढावर उतरून ढकलायला लागायची. शर्यतीत मी कायम शेवटचा. पण पडली, आपटली, दोघं-तिघं बसलो, तरी चिमटा कधी वाकला नाही की रिमला कधी आऊट आला नाही.

मग जुलै १९८९. बिंदुसरेचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. पेठेकडच्या आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, माणसं गेली, संसार वाहून गेले. आम्ही मावशीच्या घरी उंचावर गेलो म्हणून वाचलो. गावावर एवढं मोठं संकट आलेलं, त्यात सायकलीचं दुःख सांगायला लाज वाटते. पण घरी परतलो तेव्हा जे उरलं होतं, त्यात ती होती, म्हणून लिहितो. बप्पांची अॅटलास बाहेर भिंतीला लावलेली, ती गेली. माझी सायकल चोरीच्या भीतीनं मी आतल्या खोलीत लोखंडी खाटेला साखळीनं बांधायचो. ती खाटेसकट चिखलात रुतलेली सापडली. टाकी तेवढी नव्हती.

चाचांच्याही दुकानात पाणी शिरलं होतं. त्यांनी बाहेर रस्त्यावरच पोतं टाकून काम सुरू केलेलं. सायकल पूर्ण खोलली, एकेक भाग रॉकेलनं धुतला, छर्रे बदलले, ग्रीस भरलं. त्याला आपण 'ओव्हरऑइलिंग' म्हणतो. खरा शब्द वेगळा असला तरी मला हाच बरोबर वाटतो. पैसे विचारले तर म्हणाले, "पुराचे पैसे नाही घेत, गुरुजी."

शाळा सुरू झाली. बप्पांना गावाला जायला सायकल नव्हती. एसटीची वेळ जुळत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बप्पा माझी सायकल घेऊन निघाले. सहा फुटी माणूस, वीस इंची सायकल. सीट पार वर काढली तरी गुडघे हँडलला लागायचे, म्हणून ते गुडघे बाहेर फाकवून पायडल मारायचे. धोतर-टोपी नव्हती, पण पांढरा शर्ट, पायजमा आणि हँडलला अडकवलेली पिशवी. गावातली माणसं विचारायची, "गुरुजी, फटफटी घेतली व्हय?" बप्पा म्हणायचे, "व्हय. हिला पेट्रोल लागत नाही." ही उत्तरं घरी येऊन मायला सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मला हसू येत नव्हतं. मी सातवीत होतो. एका संध्याकाळी मित्रांबरोबर चौकात उभा होतो आणि समोरून बप्पा येताना दिसले, तसेच, गुडघे फाकवून. एक मित्र म्हणाला, "अरे, ते बघ सर्कस!" त्याला माहीत नव्हतं ते कोण. मी चहाच्या टपरीमागं सरकलो. बप्पांची आणि माझी नजर भेटली होती. ते थांबले नाहीत, हाक मारली नाही, सरळ निघून गेले.

रात्री जेवणं झाल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या लवकर निघायचंय. मागच्या चाकात हवा कमी वाटली, जरा भर."

मी हवा भरली. त्यावर आमच्यात कधीच बोलणं झालं नाही. दिवाळी होऊन गेल्यावर त्यांनी एक जुनी चोवीस इंची घेतली आणि माझी सायकल पुसून मला परत दिली. तोपर्यंत मला ती लहान झाली होती.

पुढं ती बहिणीकडं गेली. ती शाळेत सायकलनं जाणाऱ्या गल्लीतल्या पहिल्या मुलींपैकी एक. मग मामाच्या गावी, मग परत. आपली सोसायटी झाली आणि आम्ही इथं राहायला आलो, तेव्हा टेम्पोत सामान भरताना मी म्हणालो, "बप्पा, ही आता भंगारात देऊ." ते म्हणाले, "तिथं लई मोकळी जागा आहे, पोरं आहेत. राहू दे." खरंच, तेव्हा कंपाउंडची भिंत नव्हती, रस्ते मुरमाचे होते, निम्मे प्लॉट रिकामे. मंजूर नकाशात सायकल शेडची जागा होती, कारची नव्हती, कारण कुणाकडं कारच नव्हती.

त्या मुरमावर आपल्या सोसायटीची किती पोरं ही सायकल शिकली, मी मोजायचा प्रयत्न केला. मला एकवीस आठवली. त्यातली एक आज डॉक्टर आहे, दोघं पुण्यात, एक वाळूजला कंपनीत, एक सैन्यात. संध्याकाळी बप्पा मागचं कॅरिअर धरून पळायचे आणि "धरलंय, धरलंय!" म्हणत केव्हा सोडून द्यायचे ते पोराला कळायचं नाही. जड सायकल शिकायला बरी असते. हलकी सायकल डुगडुगती. ही आपली रेड्यासारखी सरळ जायची. कुठल्याशा पोरानं तिच्या मडगार्डवर ऑइलपेंटनं 'एमएच २३' लिहिलं, ते अजून पुसट दिसतं.

२०१२-१३ चा दुष्काळ आपण सगळ्यांनी काढला. बोअर आटलं, टँकर मोठ्या रस्त्यावर थांबायचा, कारण आतल्या वळणावर वळत नव्हता. तेव्हा या सायकलीच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी दोरीनं प्लॅस्टिकच्या घागरी बांधून पोरांनी घराघरात पाणी पोचवलं. भरल्या घागरी लावूनही तिचं स्टँड मोडत नव्हतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तेव्हा, आपल्याकडं पुन्हा तेच. ज्यांच्या दारात स्कूटर होती, त्यांनीही त्या दिवसांत हिलाच हाक मारली. तिची मालकी तेव्हा संपली. कुणीही न्यावी, संध्याकाळी खोलीपाशी आणून लावावी.

नंतर बोअरला पाणी आलं, नळ आले, पोरांना गिअरच्या सायकली आल्या, मग मोबाइल. बप्पा गेले. सायकल खोलीमागं सरकली ती सरकलीच. तिच्या शेजारी आणखी सहा जमा झाल्या.

मागच्या महिन्यात आपल्या वॉचमनचा नातू तिच्यापाशी उभा दिसला. त्याचे आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेत, म्हणून पोरगं आजोबांकडं आहे. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. मला म्हणाला, "आजोबा, ही गाडी चालती का?" मी म्हणालो, बघू. टेम्पोत टाकून तिला चाचांच्या दुकानात नेली. चाचा आता नाहीत, नातू दुकान बघतो. त्यानं तिला उलटी केली, चाक फिरवलं, चिमटा दाबून बघितला आणि म्हणाला, "काका, टायर-ट्यूब, ब्रेक, चैन बदलायला लागंल. बाकी लोखंड पक्कं आहे." त्याला आजोबांचं वाक्य माहीत असायचं कारण नाही.

तिला तिथंच ठेवून आलोय. खर्च माझा.

माझी कमिटीला विनंती एवढीच. खोलीमागच्या सात सायकलींपैकी दोन खरोखर गेलेल्या आहेत, त्या खुशाल भंगारात द्या. पण उरलेल्या पाच दुरुस्त होतात, मी दुकानदाराला आणून दाखवल्यात. त्या सोसायटीच्या म्हणून ठेवाव्यात. कुणाचं नाव नको, कुलूप नको. सभासदाचं पोर असो, घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलगी असो, नाहीतर वॉचमनचा नातू; ज्याला लागेल त्यानं न्यावी, संध्याकाळी जागेवर आणून लावावी. नकाशातली सायकल शेडची जागा अजून आहे, तिथं सध्या दोन कार उभ्या असतात. त्यातली एक माझी. ती मी काढतो.

दुकानातून निघताना वॉचमनच्या नातवानं मधल्या नळीवरच्या दोन भोकांत बोट घालून विचारलं, "इथं काय होतं?"

मी सांगितलं, "पेट्रोलची टाकी."

"मग पेट्रोल कुठून भरायचे?"

"हिला लागत नव्हतं," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी टाकीची सायकल, टाकीशिवाय, गेटपाशी उभी असेल. जे तिच्यावर शिकले त्यांनी एक चक्कर मारून जावी. गुडघे लागतील हँडलला, त्याला इलाज नाही.